फुकट मिळणारा पाइप ऑर्गन की कोपऱ्यातली मुकी पायपेटी? कोल्हापुरात बसून केलेला हिशोब

आमच्या मंडळीतल्या एका मावशींची मुलगी इंग्लंडात नर्स आहे. ती राहते त्या गावातलं चर्च बंद पडायलंय, उपासनेला माणसंच येत नाहीत, आणि आतला सव्वाशे वर्षांचा पाइप ऑर्गन जो नेईल त्याला फुकट द्यायचा असं तिथल्या लोकांनी ठरवलंय. तिनं फोटो पाठवले. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना ते फोटो फिरले आणि कप रिकामे व्हायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, नाद खुळा, आणूयाच, अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडणार नाही असलं. दुसरी म्हणते, ठेवणार कुठं आणि वाजवणार कोण, आपली पायपेटी तीन वर्षं कोपऱ्यात मुकी पडलीय तिचं बघा की आधी. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, कारण पेटी मी वाजवतो आणि ती बिघडली की स्क्रू ड्रायव्हर घेऊनही मीच बसतो. म्हणाले, "दादा, दोन्हीचं नीट मांडून द्या, मग पंच कमिटीत ठेवू." तर हे मांडलंय. तुमच्या चर्चपुढं असाच प्रश्न आला असेल तर तुम्हालाही कामाला येईल, फक्त मी पायपेटीवर वाढलेला माणूस आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी एक घोळ मिटवतो. कोल्हापुरात ऑर्गन म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यापुढं संगीत नाटक येतं, स्टेजपुढं बसलेला ऑर्गनवाला, पायानं भाता मारतोय आणि हातानं गायकाच्या मागं मागं जातोय. ती पायपेटी. गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे, बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांतले, पेटीला मैफिलीत मानाची जागा मिळवून देणारे, त्यामुळं आमच्या गावात प्रत्येकाला वाटतं की पेटीतलं आपल्याला कळतं आणि ऑर्गन म्हणजे पेटीचाच थोरला भाऊ. कमिटीतले निम्मे लोक हेच धरून बोलत होते. पण दोन्हीची जातच वेगळी आहे.

पायपेटीत सूर निघतो तो पितळेच्या एका पातळ पत्तीतून. खाली भाता, वर पत्त्यांची रांग, पट्टी दाबली की एका पत्तीखालची वाट मोकळी होते, हवा जाते, पत्ती थरथरते. १८४२ साली पॅरिसच्या दबँ नावाच्या वाद्य बनवणाऱ्यानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते याच पत्तीवर. अमेरिकन ऑर्गनात भाता हवा ढकलत नाही, आत ओढतो, म्हणून आवाज जरा मऊ आणि गोल येतो. एकट्या एस्टी कंपनीनं अमेरिकेत असले पाच लाखांच्या वर ऑर्गन बनवले. कोल्हापुरात अमेरिकन मिशन आलं १८५२ ला, वाइल्डर साहेबांबरोबर, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या चर्चमधून असली अमेरिकन पायपेटी दिसली तर नवल वाटून घेऊ नका. आमचीही त्याच जातीची.

पाइप ऑर्गन म्हणजे बासरीवाल्यांची फौज. एका सुराला एक पाइप, आणि आवाजाचा पोत बदलायचा असेल तर पाइपांची अख्खी वेगळी रांग. फोटोतल्या ऑर्गनला एक की-बोर्ड आणि सहा स्टॉप, म्हणजे अशा सहा रांगा आहेत, ५६ पट्ट्या धरल्या तर सहा गुणिले छप्पन, ३३६ पाइपा. खालच्या जाड पाइपा कधी कधी दोन स्टॉपमध्ये मिळून वापरतात म्हणून थोड्या कमी भरतील, पण तीनशेच्या आसपास आहेतच. आणि हा लहान ऑर्गन बरं का. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या (ते २०२५ ला बंद झालं) इमारतीतला जो मोठा ऑर्गन तो १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनासाठी बनवलेला, १९०९ ला तिथं न्यायला रेल्वेचे तेरा डबे लागले आणि पहिल्यांदा वाजायला १९११ उजाडलं. त्यापुढं आपला फोटोतला म्हणजे खेळणं. तरी ते खेळणं टन-दीड टनाचं आहे.

जागेचा विषय लवकर संपवतो कारण तो टेपनं सुटतो. ८ फुटी उघड्या पाइपेला खालचा निमुळता पाय धरून नऊ फूट उंची लागते, आणि ती पाइप जमिनीवर उभी नसते, कमरेएवढ्या हवापेटीवर, म्हणजे पाइपांना हवा पुरवणाऱ्या लाकडी पेटीवर, उभी असते, म्हणजे बारा फूट मोकळी उंची पाहिजे. खालचे सूर लाकडी आणि वरून तोंड बंद केलेल्या पाइपांचे असले तर निम्म्या उंचीत भागतं, कारण बंद पाइप तेवढ्याच लांबीत एक सप्तक खालचा सूर देते. वर पत्रा असेल तर विषयच सोडा. फरशीखाली मुरूम दबलेला असेल तर आधी काँक्रीटचा ओटा घाला, कारण ऑर्गन एका बाजूला एक सूत जरी खचला तरी आतले सरकते भाग अडकतात. पायपेटीला काय, चार माणसं आणि एक टेम्पो.

आता ज्या गोष्टीचा आमच्या कमिटीत कुणी विचारच केला नव्हता ती. गरमी.

पाइपेतला सूर हा हवेच्या खांबाचा सूर असतो, आणि हवा तापली की आवाज तिच्यातून जास्त वेगानं जातो, म्हणून सूर चढतो. एका डिग्रीला साधारण ०.१८ टक्के. ऐकायला काहीच वाटत नाही, पण गणित करा. इंग्लंडमधलं चर्च, १५ डिग्री तापमान, तिथं ट्यूनरनं ४४० ला लावलेला ऑर्गन, म्हणजे पांढरी सहा (मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) सेकंदाला ४४० कंपनं देते, आजची नेहमीची पट्टी. तोच ऑर्गन एक पाइपही न हलवता कोल्हापुरात ३० डिग्रीला वाजवला तर ४५१ ला बोलतो. म्हणजे पांढरी एक दाबली की पेटीतल्या पांढरी एक आणि काळी एकच्या बरोबर मधलं काहीतरी ऐकू येणार. एकटा वाजत असेल तर कळणारही नाही, सगळ्या पाइपा मिळून चढतात. पण शेजारी पेटी, की-बोर्ड किंवा गिटार ठेवली की कानात खडे. तबला काय, हातोडीनं चढवता येतो. पेटी कशी चढवणार?

आणि इथंच दुसरी गंमत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले बरेच इंग्लिश ऑर्गन मुळातच चढे लावलेले असत, ४५२ च्या आसपास, तेव्हा तिकडं ती पट्टी चालत होती. म्हणून मी त्या नर्स ताईला सांगितलं की फोनमध्ये ट्यूनरचं ॲप घाल, मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाब, आकडा लिही आणि त्याच वेळी चर्चमधलं तापमान किती ते पण लिही. तिनं पाठवलं: ४४८, आणि तापमान ११. म्हणजे १५ डिग्रीला साधारण ४५१, जवळपास त्या जुन्या पट्टीचाच. आपल्याकडं ३० डिग्रीला तो ४६२-४६३ ला जाणार. वाजवणारा पांढरी सहा दाबणार आणि मंडळीला ऐकू येणार जवळजवळ काळी पाच. पाइपा लांब करून उतरवता येतो, मोठ्या पाइपांना वर पत्र्याची सरकती पट्टी असते ती वर ओढायची, पण अर्ध्या सुराच्या आसपास उतरवायचं म्हणजे ८ फुटी पाइप चार-पाच इंच वाढली पाहिजे, तेवढी पट्टी कुठून आणायची? मग जोड द्या, नाहीतर सगळी रांग एक घर सरकवा आणि खाली नवी पाइप बनवा. होतं हे सगळं, पण ते जुनं वाद्य जपणं राहत नाही, त्याचं ऑपरेशन होतं. यात ट्रंपेटसारखा एखादा पत्तीचा स्टॉप असेल तर आणखी मजा, कारण पत्ती तापमानाला फारशी दाद देत नाही, बाकीच्या पाइपा चढतात आणि हा आपल्या जागेवर बसून राहतो.

पायपेटीचा हाच मोठा गुण आहे. सगळा पत्तीचाच कारभार, त्यामुळं मे महिन्याची दुपार असो नाहीतर डिसेंबरची सकाळ, सूर जवळपास तिथंच.

दमट हवेचा हिशोब मात्र दोघांनाही चुकलेला नाही. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या शर्टाला वास येतो, दार फुगून चौकटीत अडकतं. आणि मार्चच्या दुपारी तेच लाकूड तडतडतं. पाइप ऑर्गनची हवापेटी म्हणजे लाकडाचा एक रुंद फळा, त्यात खोबणी, वर प्रत्येक स्टॉपची एक लांब पट्टी मागंपुढं सरकते. फुगला की पट्टी सरकत नाही, स्टॉप ओढला तरी येत नाही. वाळून फळ्याला बारीक चीर गेली की एका खोबणीतली हवा शेजारच्या खोबणीत शिरते आणि न दाबलेला सूर भुतासारखा कण्हायला लागतो. प्रार्थनेच्या मधोमध. जुने जोड सरसानं चिकटवलेले असतात, आणि सरस म्हणजे जनावराच्या कातड्याहाडांचा, ओल लागली की सैल पडतो. भात्याला मेंढीचं पातळ कातडं असतं, त्यावर बुरशी. नमद्याला कसर. पाइनच्या लाकडाला वाळवी, आपल्या वाळवीला पाइन म्हणजे श्रीखंड.

यावर लोकांनी मार्ग काढलेत हे पण सांगतो. फिलिपिन्समध्ये लास पिन्यासला १८२४ ला पुरा झालेला बांबूचा ऑर्गन आहे, १०३१ पाइपांपैकी ९०२ बांबूच्या. १९७३ ला तो दुरुस्तीला जर्मनीत बॉनला क्लाइस कंपनीकडं नेला, तर तिथल्या लोकांनी काय केलं, आधी फिलिपिन्ससारखी गरम दमट हवा असलेली खोली तयार केली आणि त्या खोलीत काम केलं, म्हणजे १९७५ ला परत गेल्यावर लाकूड आणि बांबू दचकू नये. आपल्याला हेच उलटं करावं लागेल. थंड देशातलं लाकूड आपल्या हवेत आणायचं तर निदान एक अख्खा पावसाळा खोलून, आडवं, मोकळ्या हवेत ठेवलं पाहिजे आणि मगच जुळवायला घेतलं पाहिजे. येणाऱ्या नाताळला उद्घाटन करायचं असं ज्यांनी मनात धरलंय त्यांनी ते काढून टाकावं.

पुराचं पण बोला. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या खालच्या भागात कुठवर आलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाणी चढायला लागलं की पायपेटी चार पोरं गॅलरीत नेऊन ठेवतात. पाइप ऑर्गन कोण उचलणार? त्याची हवापेटी आणि भाता सगळ्यात खालीच असतो.

हलवण्याचं म्हणाल तर खरं सांगतो, तो यातला सोपा भाग आहे, कारण तो जगात शेकड्यांनी झालाय. १८७० साली बॉस्टनच्या हुक बंधूंनी वोबर्न गावच्या चर्चसाठी बांधलेला मोठा ऑर्गन २००१ ला बर्लिनच्या हायलिग क्रॉइत्स चर्चमध्ये उभा राहिला, अटलांटिक ओलांडून. ते जमलं दोन गोष्टींमुळं: मूळ वाद्यात फारसा कुणी हात घातला नव्हता, आणि घेणाऱ्यांकडं जर्मनीतले ऑर्गन कारागीर होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती आपल्याकडं नाही, त्यावर पुढं येतो.

खोलताना एक शिस्त पाळावी लागते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग पाइपा एकेक काढायच्या, प्रत्येकीवर सूर आणि स्टॉप आधीच कोरलेला असतो पण तो पुसट असला तर कागदाची पट्टी दोऱ्यानं बांधायची, चिकटपट्टी लावायची नाही. पाइपेचा धातू शिसं आणि कथिलाचा, अंगठा जोरात दाबला तर खड्डा पडतो, आणि लांब पाइप नुसती दोन टोकांवर आडवी ठेवली तर आपल्याच वजनानं वाकते, म्हणून पूर्ण लांबीला आधार देणारा लाकडी ट्रे लागतो. पाइपेच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही, तिथली कड केसभर जरी हलली तरी पाइप बोलायची बंद होते. आणि ट्रे ओकच्या लाकडाचे नकोत. ओकमधून ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटते आणि बंद जागेत ती शिशाला पांढरं करून खाते. जर्मनीत ल्युबेकच्या याकोबी चर्चमधल्या जुन्या ऑर्गनच्या पाइपा अशाच खाल्ल्या गेल्या होत्या, त्यावर युरोपात मोठं संशोधन झालं. समुद्रावर कंटेनरमध्ये रात्री गारठा पडला की छताला पाणी सुटून ठिबकतं ते वेगळंच.

कागदपत्रांत दोन खड्डे आहेत. एक, पॅकिंगच्या कच्च्या लाकडाला उष्णता दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, नाहीतर न्हावाशेवाला पेट्या अडकतात. दुसरा जास्त वाईट. त्या काळातल्या पट्ट्यांवरचा पांढरा भाग हस्तिदंताचा असू शकतो. आपल्याकडं हस्तिदंताचा व्यापार आणि आयात दोन्ही बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नंतर दुरुस्ती होऊन आफ्रिकेतला हस्तिदंतही त्यात आला. "आम्ही चर्चसाठी आणलंय, विकायला नाही" हे बंदरावर कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून पट्ट्यांचा जवळून फोटो मागवा: हस्तिदंतात बारीक, जवळजवळ समांतर रेषा दिसतात, आणि बऱ्याच वेळा एका पट्टीवर दोन तुकडे जोडलेले असतात, पुढचा रुंद आणि मागचा अरुंद. हाड असेल तर बारीक काळे ठिपके दिसतात. हस्तिदंत निघाला तर पट्ट्यांचं आवरण तिथंच काढून हाडाचं किंवा दुसरं बसवून घ्या, मगच पेट्या बंद करा.

पैशांचा आकडा मी इथं टाकत नाही कारण ज्याचा त्याचा वेगळा येतो. पण लेखी कोटेशन चार घ्या, तिकडं खोलून पॅक करण्याचं, जहाज आणि कस्टमचं, इथं उभा करून सूर लावण्याचं, आणि चौथं, जे कुणी घेत नाही, दरवर्षी दोनदा ट्यूनिंगला माणूस बोलवण्याचं. आमच्या कमिटीत पहिल्या तीनवर दोन तास चर्चा झाली. चौथ्यावर कुणी तोंडच उघडलं नाही.

आणि सगळं इथंच येऊन थांबतं माझ्या मते. बिघडल्यावर कोण?

कोल्हापुरात कारागिरांना तोटा नाही. उद्यमनगरात हवेचा पंखा अर्ध्या एचपीच्या मोटरीवर बसवून द्यायला कुणीही तयार होईल, फक्त त्याला सांगायला पाहिजे की वारं जोरात नको, शांत पाहिजे, कारण ऑर्गनला लागणारा दाब फार थोडा असतो, साधारण तीन इंच पाणी चढेल एवढाच, तोंडानं फुंकून आपण त्याच्या कितीतरी पट देतो. तो मोजायला यंत्र पण लागत नाही, गवंडी लेव्हल बघायला वापरतो तीच पारदर्शक नळी यू आकारात धरायची, थोडं पाणी घालायचं, एक टोक हवापेटीला, आणि दोन्हीकडच्या पाण्यातला फरक फूटपट्टीनं बघायचा. मिरज तासाभरावर, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, लाकूड आणि सूर दोन्ही कळणारे हात तिथं पिढ्यान्पिढ्या आहेत. चामडं तर कोल्हापूरचं नावच आहे. पण भात्याला चपलेचं चामडं नाही चालत, तिथं फिटकरीत कमावलेलं मेंढीचं पातळ पांढरं कातडं लागतं. थोडक्यात प्रत्येक तुकड्याला माणूस मिळेल. ते सगळे तुकडे एकत्र ओळखणारा, एक पाइप का बोलत नाही हे कान लावून सांगणारा माणूस मात्र इथं नाही, तो लांबून बोलवायचा, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत वाद्य बंद.

म्हणून पाइप ऑर्गन घ्यायचाच ठरला तर एक अट सोडू नका: पट्टीपासून पाइपेपर्यंत लाकडी काड्या आणि तारांनी ओढणारा, पूर्ण मेकॅनिकल असा घ्या. त्यात काय अडकलंय ते डोळ्याला दिसतं आणि हुशार सुतार ते सोडवू शकतो. शिशाच्या बारीक नळ्यांतून हवा पाठवून चालणारे किंवा जुन्या विजेच्या मॅग्नेटवर चालणारे कितीही फुकट मिळोत, घेऊ नका. बाजूला हातानं भाता मारायचा जुना दांडा शाबूत असेल तर तो काढू देऊ नका, लाइट गेली की एक पोरगं उभं करायचं आणि उपासना चालू. वायरिंग मात्र नवीन आणि वेगळ्या लाइनवर करा. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघितलंय आपण, जुन्या लाकडाच्या वास्तूत आग किती वेळात फिरते ते.

पायपेटीचं मी हातानं केलंय म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात एका शनिवारी मागची फळी काढली. आत उंदराचं घरटं, त्यात स्तोत्रांच्या पुस्तकाचे कुरतडलेले कागद. भात्याचं रबरी कापड वाळून कडक, बोट लावलं की पापडासारखं तुटतंय. पत्त्या मात्र बघण्यासारख्या, प्रत्येक पत्ती आपल्या पितळी चौकटीत, पुढच्या टोकाला एक खाच, त्या खाचेत आकडा अडकवून ओढली की सुरकन बाहेर येते. मुक्या बावीस सुरांपैकी सतरांना काहीच झालेलं नव्हतं. एका पत्तीखाली मुंगीचा पंख, नुसता एक पंख, तेवढ्यानं सूर बंद. रंगाच्या मऊ ब्रशनं झाडली, पुन्हा सरकवली, तोंडानं हवा ओढली तर बोलली. बेसूर झालेली असेल तर टोकाला किंचित खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, पण हे शिकायला आधी मोडक्या पेटीच्या पत्त्यांवर हात बसवा, कारण खरवडलेलं पितळ परत येत नाही.

एक धोका मात्र पायपेटीलाही आहे, चुकीची दुरुस्ती. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच एका कारागिराकडून भाता चिकटवून घेतला होता, त्यानं सरसाऐवजी लाकडाचा पांढरा गम वापरला. सरसाचा जोड कोमट पाण्यानं सुटतो आणि पुढच्या माणसाला पुन्हा उघडता येतो. पांढऱ्या गमाचा सुटता सुटत नाही, लाकडाचा पापुद्रा घेऊन येतो. आता ती फळीच बदलावी लागणार आहे. जुनं वाद्य दुरुस्तीला देताना पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही केलेलं काम उद्या उलटं करता येईल का.

आता आवाजाचं, म्हणजे मी पक्षपाती ठरायला नको. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, मी तो एकदाच ऐकलाय. खालचा सूर कानाला नंतर कळला, आधी बसलेल्या बाकाला कळला. भिंतीच वाजतायत असं वाटतं. पायपेटी जन्मात ते करणार नाही. उंच दगडी चर्च, तीनचारशे माणसं, इंग्लिश चालींची चार आवाजांतली गीतं, असं असेल तर पाइप ऑर्गनसारखा आधार नाही. पण आमच्याकडं काय गातात? नारायण वामन टिळकांची भजनं, अभंगाच्या आणि ओवीच्या चाली, पेटी-तबला-झांजेवर. पन्नास-साठ माणसं, आणि त्यातल्या मावशी प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी हरकत घेणारच. त्यांच्या मागं थांबायला, पुढं जायला, हळू व्हायला पेटीच पाहिजे. पाइप ऑर्गन आपला सरळ चालतो, मावशींना त्याच्यामागं जावं लागेल, आणि त्या जाणार नाहीत.

डिजिटल ऑर्गनचं पण एकानं काढलं. आवाज चांगला असतो, जागा कमी, पट्टी बटणावर बदलते, ४४० तर ४४०. तरुण पोरांना शिकायला उत्तम. पण पंधरा-वीस वर्षांनी बोर्ड गेला की सुटा भाग मिळत नाही आणि पूर्ण वाद्य भंगारात जातं. घ्यायचा तर स्टॅबिलायझरसकट घ्या आणि वापरून संपणारी वस्तू म्हणून घ्या. जतन वगैरे शब्द त्याला लावू नका.

माझं मत कमिटीला असं दिलंय. आपल्याला तो पाइप ऑर्गन नको. पट्टी अर्ध्या सुरानं चढी, पत्र्याखाली उंची जेमतेम अकरा फूट, गावात सांभाळणारा माणूस नाही. पण तुमच्याकडं बारा-पंधरा फूट उंच कोरडी जागा असेल, ऑर्गन ४४० च्या आसपासचा आणि मेकॅनिकल असेल, आणि मंडळीतलं एखादं पोरगं दोन-तीन महिने बाहेर जाऊन हे काम शिकून यायला खरोखर तयार असेल, नुसतं मीटिंगमध्ये हात वर करणारं नव्हे, तर घ्या, असलं वाद्य पुन्हा कुणी फुकट देणार नाही. आणि नको असेल तर लगेच नाही म्हणून कळवा. तिकडं चर्चची इमारत विकली गेली की ऑर्गन एका दिवसात कचऱ्यात जातो, आपण विचार करतो म्हणून अडवून ठेवला तर ज्याला खरंच हवाय त्याचा पण जातो. नर्स ताईनं आता तो तिकडच्याच एका शाळेला सुचवलाय.

कमिटीनं अजून ठराव केलेला नाही. कमिटीतले आप्पा म्हणतात एवढ्या लांबून आलेली गोष्ट नाकारायची बरी वाटत नाही. तोवर मी पायपेटीचा भाता उघडून ठेवलाय, कापडाचं माप घेतलंय, आणि पाच पत्त्या कागदात गुंडाळून वर सूर लिहून ठेवल्यात. त्यातली मधल्या सप्तकातली काळी पाच मुळाशी चिरलीय, ती घासून जमणार नाही, नवीन पत्ती बसवावी लागेल. येत्या शनिवारी कुणी मिरजेला गाडी घेऊन जाणार असेल तर मला फोन करा.